तंत्रस्नेही व्हा, पण प्रशिक्षण मागू नका

मनोरी मुंबईत आहे, हे मुंबईकरांनाच सांगावे लागते. मार्वेच्या धक्क्यावरून होडीने दहा मिनिटांत खाडीपल्याड जाता येते. होडी टाळायची, तर भाईंदर-उत्तनवरून पंचवीस किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो. महापालिकेच्या हद्दीत मात्र हे गाव अंधेरी-घाटकोपरइतकेच आहे. शालेय ग्रंथपालाचे शिक्षणव्यवस्थेतील स्थान काहीसे असेच आहे. हद्दीत तो आहे. त्याच्याकडे जाणेयेणे कोणाचे नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ‘तंत्रस्नेही’ हा शब्द आपल्या शाळांत भलताच बोकाळला. आधी शिक्षक तंत्रस्नेही झाले, मग मुख्याध्यापक. आता ग्रंथपालांनीही तंत्रस्नेही होऊन विद्यार्थ्यांना वाचनाकडे ओढावे, असा उपदेश चर्चासत्रांतून ऐकू येतो. उपदेशाला आमची हरकत नाही. उपदेश करणारी व्यवस्था स्वतःच्या कागदपत्रांत ग्रंथपालाविषयी काय लिहून ठेवते, ते कोणी वाचत नाही, याला हरकत आहे.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची पाहावी. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तकेही हवीत, असे तिथे म्हटले आहे. शंभराहून अधिक मुलांच्या उच्च प्राथमिक शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांचीही तरतूद आहे. ग्रंथालय चालवणाऱ्या माणसाचा उल्लेख नाही. पुस्तके आपोआप कपाटाबाहेर येतील, असा कायदेकर्त्यांचा समज असावा. पुढे २०१९ साली ‘निष्ठा’ हा प्रशिक्षणाचा मोठा कार्यक्रम आला. त्याचे लक्ष्य ४२ लाख होते आणि त्यात शिक्षक, मुख्याध्यापक, प्रशिक्षण संस्थांतील अध्यापक, गट व समूह साधनकेंद्रांचे समन्वयक असे सारे होते. ग्रंथपाल नव्हता. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांकडून आणि मुख्याध्यापकांकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक विकासाविषयीही एक वाक्य धोरणात आहे, नाही असे नाही. पण ते एकविसाव्या प्रकरणात, प्रौढ शिक्षणाच्या मथळ्याखाली आहे आणि त्याला तासांचा आकडा नाही. शाळेच्या ग्रंथपालाने आपले भवितव्य प्रौढ शिक्षणात शोधावे, हा विनोद कोणी मुद्दाम केला असता, तर आम्ही मनापासून दाद दिली असती.

महाराष्ट्राचा हिशेब याहून रोकडा. माध्यमिक शाळांत पाचशेच्या वर विद्यार्थी असतील तर अर्धवेळ ग्रंथपाल, हजाराच्या वर असतील तर पूर्णवेळ, हा निकष वर्षानुवर्षे चालत आला. अर्धवेळांना पूर्णवेळ करा ही मागणीही तितकीच जुनी. साडेचारशे मुलांना ग्रंथपाल नाही आणि सहाशे मुलांना मिळून अर्धा, असा हा त्रैराशिकाचा न्याय आहे. त्यात मराठी माध्यमाच्या शाळांचा पट घसरत चाललेला, म्हणजे पद टिकेल की नाही हीच विवंचना. असा अर्धा माणूस तंत्रस्नेही होऊन होऊन किती होणार? आणि ज्या एका ठिकाणी त्याच्या संगणकज्ञानाची शाळेला खरोखर किंमत असते, ते ठिकाण ग्रंथालय नव्हेच. २०१५ पासून विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’ प्रणालीत भरावी लागू लागली, आणि अनेक शाळांत ती भरण्याचे काम ‘तुम्हांला काय, पुस्तकेच तर द्यायची असतात’ असे म्हणून ग्रंथपालाच्या गळ्यात पडले.

प्रशिक्षण होतच नाही असे नाही. ते एक दिवसाचे असते. पडद्यावर ‘कोहा’ किंवा ‘ई-ग्रंथालय’ यांच्या खिडक्या उघडतात व मिटतात, दुपारी प्रमाणपत्रे वाटली जातात आणि संध्याकाळी छायाचित्र. ‘कोहा’ उत्तम प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या एका लहानशा ग्रंथालय संस्थेने ती आपल्या गरजेपोटी करून घेतली आणि मग जगाला मोफत दिली. पण गरज आधी आली आणि प्रणाली मागाहून, हा क्रम आपल्याकडे उलटा होतो. आपल्या शालेय ग्रंथालयाची खरी तांत्रिक अडचण त्या पडद्यावर कधी दिसतच नाही. दाखल नोंदवही कोणीतरी हौसेने संगणकावर चढवलेली असते, पण युनिकोडपूर्व फाँटमध्ये. त्यामुळे आज त्या यादीत काही शोधू गेल्यास अक्षरांच्या जागी चिन्हांची रांगोळी दिसते. यादी युनिकोडमध्ये असली, तरी मुलाने ऱ्हस्व-दीर्घ चुकवून ‘शीवाजी’ लिहिले की शोधाचे उत्तर शून्य. दुसरे मूल रोमन लिपीत टंकते, त्यालाही शून्य. जुनी यादी युनिकोडमध्ये कशी आणावी, एका पुस्तकाला मुलांच्या तोंडचे तीन-चार शोधशब्द कसे जोडावेत, हे दोन दिवसांत शिकवता येते. कोण शिकवतो?

विद्यार्थ्यांच्या सहभागाची कथा याहून केविलवाणी. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जयंतीस, वाचन प्रेरणा दिन होतो. मुले रांगेत बसतात, पुस्तके हातात देतात, फोटो निघतो, पुस्तके परत घेतात. त्याच वर्षी मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले. हेतू दप्तराचे ओझे कमी करण्याचा होता आणि आत पाठ्यपुस्तके होती. मुलाला स्वतःहून काय वाचावेसे वाटते, हा प्रश्न दोन्हींकडे कोणाच्या मनात आला नाही. पुस्तक कपाटात जपून ठेवण्यासाठी नसते, हे रंगनाथन यांनी १९३१ साली सांगून ठेवले होते. टॅबलाही ते लागू पडते.

यावर ठरलेला आक्षेप असा, की आता सारे मोबाईलवर मिळते, ग्रंथपाल हवाच कशाला? आमचे उत्तर आहे, मिळते म्हणूनच हवा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीतही गोष्टी मोफत आहेत, त्यांतली कोणती गोष्ट अडखळत वाचणाऱ्या पाचवीतल्या मुलाला द्यावी, हे त्या मुलाला ओळखणाऱ्या माणसालाच कळते. काल शाळेचे ‘प्रकल्प’ कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून येत. आज यंत्राला विचारले की पानभर ठाम वाक्ये क्षणात हजर होतात, त्यांतली काही धादांत खोटी. हे वाक्य कुठून आले, ते दुसऱ्या कुठे पडताळता येईल का, हे विषयशिक्षकाने शिकवावे म्हणावे, तर तो अभ्यासक्रम पुरा करण्याच्या धावपळीत. ही ग्रंथपालाची तासिका आहे. ग्रंथपाल हा शिकवणाराही असतो, ही गोष्ट ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ‘इफ्ला’ने, २०१५च्या शालेय ग्रंथालयविषयक मार्गदर्शक तत्त्वांत धरूनच चालली आहे. आपल्या वेळापत्रकात मात्र ग्रंथालयाचा तास म्हणजे रजेवरच्या शिक्षकाचा तास.

प्रशिक्षण कसे असावे, हे सांगायला आम्ही पुन्हा मनोरीत जातो. इथल्या कोळी आणि ईस्ट इंडियन घरांत बोलली जाणारी मराठी पाठ्यपुस्तकात नाही. ईस्ट इंडियन समाजाने गावात आपल्या संस्कृतीचे संग्रहालय उभारले आहे, पण आजीच्या तोंडची लग्नातली गाणी काचेमागे ठेवता येत नाहीत. अशा गावच्या शाळेतील ग्रंथपालाचा प्रशिक्षणवर्ग शहरातल्या सभागृहात एका दिवसात उरकू नये. तो खाडीच्या या बाजूला, शाळेतच, वर्षभर महिन्याला अर्धा दिवस भरावा, आणि मुलांनी फोनवर ध्वनिमुद्रित केलेल्या एका गाण्यापासून सुरू व्हावा. गाणाऱ्या आजीची परवानगी कशी घ्यायची, फाइलला नाव काय द्यायचे, बोलीतला शब्द देवनागरीत कसा लिहायचा, आणि शेवटी दशांश वर्गीकरणात ते लोकसाहित्य म्हणून ३९८मध्ये ठेवायचे की गाणे म्हणून ७८२मध्ये, हे ग्रंथपालांनी आणि सातवीच्या मुलांनी एकत्र बसून, भांडून ठरवावे.