दिद्दा : चेटकीण नव्हे, राज्यकर्ती

काश्मीरची राणी दिद्दा म्हणजे सत्तेसाठी नातवांचे बळी घेणारी चेटकीण, असे आजही बेधडक लिहिले जाते. या आरोपाचा मुख्य आधार कल्हणाची ‘राजतरंगिणी’. दिद्दा वारली १००३ साली. कल्हणाने ग्रंथ रचला ११४८ ते ११५० मध्ये. दीडशे वर्षांनंतरची ही साक्ष उलटतपासणीशिवाय मान्य करता येत नाही.

पहिला आक्षेप क्रौर्याचा. पण दिद्दा कोणत्या दरबारात उभी होती? तिचा सासरा पर्वगुप्त याने ९४९ मध्ये संग्रामदेव या बालराजाला ठार मारून गादी बळकावली होती. ९५८ मध्ये पती क्षेमगुप्त वारला आणि अल्पवयीन अभिमन्यूला गादीवर बसवून दिद्दाने कारभार हाती घेतला. पोरसवदा राजाचे या दरबारात काय होते, हे तिला सांगावे लागत नव्हते. पर्वगुप्ताच्याच मुलींचे मुलगे महिमन आणि पाटल बंड करून उठले. दिद्दाने मुलाला मठात सुरक्षित ठेवले, बंडखोरांना मिळालेल्या ललितादित्यपूरच्या ब्राह्मणांना सोने देऊन फोडले आणि बंडखोरांची एकजूट मोडली. पुढे बंडखोरांना तिने कठोर शिक्षा केल्या. हेच एखाद्या राजाने केले असते तर आपण त्याला मुत्सद्दी म्हटले असते.

दुसरा आक्षेप नातवांचा. अभिमन्यू ९७२ मध्ये गेला. त्यानंतर नंदिगुप्त आणि त्रिभुवनगुप्त यांना तिने जारणमारणाने मारले, असे कल्हण सांगतो. मंत्राने माणूस मरत नाही. म्हणून हा पुरावा नव्हे, प्रवाद आहे. तिसऱ्या नातवाच्या, भीमगुप्ताच्या हत्येचा आरोप मात्र गंभीर आहे आणि तो मी धुऊन काढत नाही. माझे म्हणणे इतकेच, की पर्वगुप्ताला जो न्याय, तोच दिद्दालाही. त्याला कोणी चेटक्या म्हटले नाही.

तिसरा आक्षेप तुंगाचा. पर्णोत्साकडचा हा म्हशी राखणारा, पत्रे पोचवणारा तरुण. राणीने त्याला मुख्यमंत्री केले ते प्रेमापोटी, असे म्हणतात. पण याच तुंगाने राजपुरीची मोहीम जिंकली आणि दिद्दाच्या पश्चात नव्या राजानेही त्यालाच पदावर ठेवले. निवड नुसत्या मोहाची असती तर ती राणीबरोबरच संपली असती.

आता तिची जमेची बाजू पाहू. भीमगुप्तानंतर ती स्वतःच्या नावाने सुमारे बावीस वर्षे राज्य करत होती. तिने मठ-मंदिरे उभारली. श्रीनगरचा दिद्दमर भाग आजही तिचे नाव सांगतो. माहेरच्या लोहर घराण्यातला भाचा संग्रामराज तिने वारस निवडला आणि गादी रक्तपाताशिवाय त्याच्याकडे गेली. त्याच्याच कारकिर्दीत गझनीच्या महमूदाला लोहरचा किल्ला दोनदा प्रयत्न करूनही घेता आला नाही. पायाने अधू असलेल्या या राणीला समुद्र ओलांडणाऱ्या हनुमानाची उपमा दिली, तीही तिच्यावर इतके आरोप करणाऱ्या कल्हणानेच.

दिद्दाला देवी करण्याची गरज नाही. तिचे अपराध अपराध म्हणून नोंदवा. पण तिचे कर्तृत्व चेटकाच्या खात्यावर टाकू नका. बालराजांचे खून पाहिलेल्या राज्याला तिने जवळजवळ अर्धशतक सावरून धरले. इतिहासात तिची पहिली ओळख हीच असली पाहिजे.