मतपेटी आणि तिजोरी

अमेरिकेतील रिचमंड शहरात १९०३ साली मॅगी लीना वॉकर या कृष्णवर्णीय स्त्रीने गरिबांच्या बचतीवर बँक उभारली. लोकांचे कपडे धुणाऱ्या आईची ही मुलगी. आदल्याच वर्षी व्हर्जिनिया राज्याने मतदार-कर व साक्षरतेच्या अटी लादून कृष्णवर्णीय पुरुषांचे मत हिरावले होते; स्त्रियांना ते नव्हतेच. १९२० साली मताधिकार मिळताच वॉकरबाईंनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मतदार-नोंदणीची मोहीम हाती घेतली.

दुकानदारीशी समाजवाद्यांचा काय संबंध, असे काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न पुस्तकी आहे. गोऱ्या मालकाच्या पगारावर न जगणाऱ्या केशभूषाकार स्त्रियाच दक्षिणेत या कामात पुढे येऊ शकल्या. जॉन्स बेटावर १९५७ साली मताधिकारासाठी साक्षरतावर्ग चालवणाऱ्या बर्निस रॉबिन्सन त्यांपैकीच.

परंतु कर्जाचे नियम दुकानात ठरत नाहीत. काही राज्यांत व्यवसायासाठी कर्ज घेणाऱ्या स्त्रीला पुरुष नातेवाइकाची सही आणावी लागे. १९८८ साली ती अट गेली ती कायद्याने, सावकारांच्या सद्बुद्धीने नव्हे.

मिळालेले टिकतेच असेही नाही. अटलांटाचा 'फिअरलेस फंड' कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लघुउद्योगांना अनुदान देई. मुक्त झालेल्या गुलामांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून १८६६ साली झालेल्या कायद्याचाच आधार घेऊन जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती योजना रोखली. हे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सेनेट त्यांना संमती देते. त्या सेनेटमध्ये दोन कृष्णवर्णीय स्त्रिया एकाच वेळी बसल्या, त्या प्रथमच जानेवारी २०२५ मध्ये.