नाताळचे क्लोजिंग

१९८७ सालापर्यंत बँकांचे वार्षिक क्लोजिंग ३१ डिसेंबरला होत असे. पुढे कायदा बदलला, एकदाच पंधरा महिन्यांचे हिशेब झाले आणि १९८९पासून क्लोजिंग ३१ मार्चवर गेले. ग्राहकांना याचा पत्ताही लागला नसेल. पण वसईतल्या आमच्या शाखेतल्या ख्रिस्ती सहकारी भगिनींनी मनोमन देवाचे आभार मानले असणार. संगणक नव्हते. व्याज हाताने काढायचे, लेजरे जुळवायची, दहा पैशांचा फरक राहिला तरी तो सापडेपर्यंत बसायचे; आणि हे सारे ऐन नाताळात!

त्यातून घरी गेल्यावर कुलकुल असत. ज्यांनी ते नुसतेच खाल्ले आहेत, त्यांना त्यातली मेहनत कळायची नाही. नारळाच्या दुधात मळलेल्या मैद्याची सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा त्यासाठीच राखलेल्या नव्या कंगव्यावर दाबून पसरायची आणि शिंपल्यासारखी गुंडाळायची. अशा शेकडो. हे काम मुळात एकटीचे नव्हेच. आळीतल्या बायकापोरांनी टेबलाभोवती बसून, गप्पा मारत, एकमेकींची उणीदुणी काढत करायचे ते काम. आता मुलांना क्लास आहेत, सून सकाळच्या लोकलने चर्चगेट गाठते. हात कमी झाले. यादी मात्र लांबतच गेली : केकसाठी रममध्ये सुकामेवा भिजवणे, पडदे, शिंपी, गोठ्याचा देखावा, तारा, शेजाऱ्यांची ताटे. आखातातून दीर-नणंदा दहा दिवसांसाठी येतात त्या याच वेळी. शिवाय आगमनकाळात सहसा लग्ने धरत नाहीत, त्यामुळे ती नाताळ संपताच रांगेने येतात.

‘हल्ली सगळे विकत मिळते की!’ असे पुरुषमंडळी म्हणतात. मिळते. पण कोणाला किती सांगायचे, कधी आणायचे, मागच्या वर्षी कोणाच्या ताटात काय आले होते, हे लक्षात कोण ठेवते? थकवा तळण्याचा कमी, लक्षात ठेवण्याचा जास्त असतो. बँकेत क्लोजिंगला निदान एक कागद भिंतीवर लागे. कोणते लेजर कोणाकडे, हे शिपायापासून मॅनेजरपर्यंत सर्वांना ठाऊक असे. घरातला कागद एकाच बाईच्या डोक्यात असतो, आणि तो दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही.

आमची एक सहकारी एकदा लेजरातून मान वर न करता म्हणाली होती, ‘‘साहेब, सासरे गेले त्या वर्षीचा नाताळ तेवढा मला विसाव्याचा गेला. आणि त्याची मला अजून लाज वाटते.’’ दुखवट्याच्या घरी गोडधोड तळत नाहीत. शेजारी आणून देतात. आपल्या दिवाळीतही तेच. म्हणजे घरातल्या बाईला सुटी मंजूर व्हायची, तर घरात कोणीतरी जावे लागते! हे वाक्य मी कादंबरीत घालू शकलो नाही. वाचकांना ते खोटे वाटले असते.

ती आता निवृत्त आहे. दोन वर्षांपूर्वी तिने ठरवले, ताटात फक्त कुलकुल. कोणी काही बोलले नाही. उलट शेजारणीने पुढच्या वर्षी स्वतःचे दोदोल बंद केले. चार तास कढईशी उभे राहायला तिलाही नकोच होते म्हणे.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी बसून ती यादी कागदावर उतरवावी. निम्मी कामे तिथेच खोडली जातील. उरलेली वाटताना ‘मदत लागली तर सांग’ हे वाक्य वापरू नये. त्यात सांगण्याचे काम पुन्हा तिच्याकडेच राहते. तारा मुलाचा म्हटला की बांबू आणण्यापासून जानेवारीत तो उतरवून माळ्यावर ठेवण्यापर्यंत त्याचाच. आखातातल्या मंडळींनाही विमानात बसण्यापूर्वी कळवावे की यंदा दोन जेवणे त्यांच्याकडे.

खर्चाचे सांगायलाच नको. आम्हाला फेस्टिव्हल अॅडव्हान्स मिळे, दहा हप्त्यांत फिटणारा; एक फिटला की पुढच्या नाताळचा अर्ज तयार. आता कार्ड आले आहे आणि त्याचे व्याज त्या अॅडव्हान्ससारखे माफ नसते. सणाचा आकडा त्याच कागदाच्या खाली लिहावा.

आणि रात्र-रात्र झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल, कारण नसताना रडू येत असेल, तर ‘एवढा नाताळ होऊन जाऊ दे’ म्हणून थांबू नये. दवाखाने २३ डिसेंबरलाही उघडे असतात.