बंदुकीचे मूळ सातबाऱ्यात

निवडणूक लागली की शेतराखणीची परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. शेतकरी ती निमूट देतो. गावठी कट्टा मात्र कोणी जमा करीत नाही! २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायदा कडक झाला. परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका. विनापरवाना बाळगली तर दोन ते पाच वर्षे कैद. हे योग्यच. पण हत्यार निघते कशापायी, तेही बघायला हवे.

गोखिवऱ्याजवळच्या नालासोपारा स्थानकात १९८९ मध्ये सुरेश दुबे या बिल्डरचा गोळ्या घालून खून झाला. जमिनीच्या वादातून तो झाला, असा आरोप होता. मुंबईची वस्ती इकडे सरकली, भातखाचरांना बिल्डरचा भाव आला आणि वाटण्या रखडलेल्या सातबाऱ्यांत दादालोकांना वाट सापडली.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, फेरफाराची नोटीस आली की पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. तलाठ्यांनीही नोटीस प्रत्येक हिस्सेदाराच्या हाती पडेल हे पाहावे. धमकी आली तर अंगावर काढू नका, लगेच तक्रार नोंदवा. कट्टा पकडणे पोलिसांचे काम. भांडणाचे कारण वेळीच मिटवणे गावाचे आणि चावडीचे.