प्रवाळाची आंघोळ
नवं प्रवाळ आणलं की ते थेट टाकीत सोडू नये, हे मला मान्य. पण कीड जावी म्हणून त्याला अर्धा-पाऊण तास औषधात बुचकळून ठेवणं मला मुळीच पटत नाही. वाचकहो, या आठवड्यात न्यू जर्सीत भाचीकडे प्रवाळाला औषधाची आंघोळ घालण्याचं काम जवळून पाहिलं. (आपल्याकडे कठीण प्रवाळ २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते घरी बाळगता येत नाही, आणि ते योग्यच आहे.) तिने टाकीतलंच पाणी भांड्यात घेतलं, म्हणजे क्षार आणि तापमान बदलायला नको. औषध मोजून घातलं आणि पिचकारीने अॅक्रोपोरा प्रवाळाच्या फांद्यांवर हलके फवारे मारले. थोड्याच मिनिटांत तळाशी चपटे कृमी दिसू लागले, नखाएवढेही नाहीत. प्रवाळावर असताना ते त्याच्याच रंगात मिसळून जातात. दिसतात ते फक्त त्यांनी खाल्लेल्या जागेचे फिकट गोल ठिपके. मात्रा किंवा वेळ वाढवली तर होरपळतं ते बिचारं प्रवाळच. अंडी शाबूत राहतात, कारण त्यांच्या कवचापुढे औषधाचं काही चालत नाही. म्हणून बुंध्याच्या उघड्या सांगाड्यावरचे तपकिरी पुंजके पात्याने खरवडायचे, प्रवाळ स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळून वेगळ्या टाकीत ठेवायचं आणि उरलेल्या अंड्यांतून पिल्लं बाहेर पडतील तशी दर आठवड्याला पुन्हा छोटी आंघोळ घालायची. भांड्यातलं पाणी मात्र फेकून द्यायचं, टाकीत त्याचा थेंबही जाता कामा नये.