दुरुस्तीचा हक्क आणि दुरुस्तीची लाज

खंडेनवमीच्या किंवा दसऱ्याच्या सकाळी नागपुरातील कोणत्याही वस्तीतून फेरफटका मारावा. घरोघरी धुऊन-पुसून उभी केलेली वाहने दिसतात. त्यांच्यावर झेंडूच्या माळा असतात, कुंकवाचे स्वस्तिक असते आणि चाकाखाली लिंबूही ठेवलेले असते. या भक्तीत खोट काढण्याचे कारण नाही. ज्याच्या आधाराने पोट चालते त्या अवजाराला वर्षातून एकदा नमस्कार करावा, ही आपली जुनी आणि चांगली रीत आहे. परंतु ज्या यंत्राला आपण हार घालतो त्याच्या पोटात काय आहे, हे पाहण्यासाठी आपल्यापैकी किती जण वर्षातून एकदा तरी जमिनीला पाठ टेकतात? पूर्वीचा शेतकरी पोळ्याला बैलाची पूजा करी. पण पूजेच्या आधी तो त्याचे खांदे मळी, खूर पाही आणि वंगण घालून बैलगाडीची चाके फिरती करी. आपण पूजा तेवढी ठेवली आणि खांदेमळणी दुसऱ्यावर सोपवली.

हा विचार सुचण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. प्रस्तुत लेखकाच्या पुतण्याची काटोलकडे संत्र्याची बाग आहे आणि त्याच्याजवळ चारही चाकांना जोर मिळणारी एक जुनी जीप आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून बागेपर्यंत जायचे तर दुसरे वाहन उपयोगाचे नाही. गेल्या पावसाळ्यात या जीपच्या तळाशी आवाज येऊ लागला. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ‘टक्‌’ असा ठोका पडे आणि वेग वाढला की पायाखालचा पत्रा थरथरे. पुतण्याने गाडी शहरातील एका कार्यशाळेत नेली. तेथे पाच मिनिटांत निकाल मिळाला, “पुढचा शाफ्ट गेला आहे, पूर्ण बदलावा लागेल.” काय झिजले आहे ते दाखवा, अशी विनंती त्याने केली, तेव्हा “दाखवून तुम्हांला काय समजणार?” असे उत्तर आले. शाफ्ट कशामुळे गेला, या प्रश्नाला तर उत्तरच मिळाले नाही. मुलगा पदवीधर आहे. तो अपमान गिळून घरी आला आणि म्हणाला, “काका, आपणच उघडून पाहू या.”

अंगणातील पाठशाळा

वाचकांपैकी पुष्कळांना या शाफ्टशी कधी काम पडले नसेल, म्हणून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अशा वाहनात गिअरपेटीतून आलेली शक्ती एका दुसऱ्या पेटीत जाते आणि तेथून एक दांडा मागच्या आसाकडे, तर दुसरा पुढच्या आसाकडे निघतो. आस खड्ड्यांतून खाली-वर होत असतो, पेटी मात्र सांगाड्याला जखडलेली असते. म्हणून दांड्याला वाकण्याची आणि लांब-आखूड होण्याची सोय लागते. वाकण्यासाठी दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा ‘क्रॉस’ असतो आणि लांब-आखूड होण्यासाठी मधे खाचांची एकात एक सरकणारी जोडणी असते. या वाकणाऱ्या सांध्याला पाश्चात्त्य जगात सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान कार्दानो आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ हूक यांची नावे आहेत. या सांध्यात एक खोड आहे. तो वाकलेल्या स्थितीत फिरू लागला की एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त होतो. पहिल्या सांध्याने केलेली ही चूक दुसरा सांधा भरून काढतो. मात्र त्यासाठी दांड्याच्या दोन्ही टोकांचे कान एकाच पातळीत असावे लागतात. जोडताना एका खाचेचा फरक पडला तरी गाडी थरथरते. म्हणून जाणता कारागीर बोल्टाला पाना लावण्यापूर्वी रंगाची खूण करून ठेवतो. भूमितीचा हा धडा फळ्यावर शिकवूनही जेवढा पटला नसता तेवढा तो त्या दिवशी अंगणात, ग्रीसने माखलेल्या हातांना पटला.

मागच्या चाकांना दगडांची ओट दिली, हातब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली. दुसरी पेटी न्यूट्रलमध्ये राहिली तर नुसत्या गिअरच्या भरवशावर उभी केलेली गाडी घरंगळू शकते, हेही त्या निमित्ताने कळले. शाफ्ट हाताने फिरवता यावा म्हणून पुढचे एक चाक उचलले आणि गाडीचा भार जॅकवर न ठेवता लोखंडी घोडीवर घेतला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. येथे धाडसाला जागा नाही. मग दोन्ही टोकांचे बोल्ट सोडवून शाफ्ट खाली घेतला. एका क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी साचली होती. ग्रीस आटून सुईसारखे बारीक रूळ गंजल्याची ती खूण होती. क्रॉस बदलून भागेल, असे वाटले. परंतु मधली सरकती जोडणी हातात धरून पिळली, तर खाचांतही ढिलाई निघाली. म्हणजे कार्यशाळेचा निकाल खरा होता! शाफ्ट पूर्णच बदलावयास हवा होता.

मग एवढी उठाठेव करून मिळविले काय, असा प्रश्न कोणी विचारील. जे मिळाले ते असे. शाफ्ट का गेला, याचे उत्तर त्या ढिल्या खाचांनी दिले. बागेतून निघताना चारही चाकांचा जोर लावणारी तरफ पुतण्या तशीच ठेवी आणि डांबरी व सिमेंटच्या कोरड्या रस्त्यावरून थेट घरी येई. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक सोसतात. कोरड्या सिमेंटवर ती घसरत नाहीत. मग सारा पीळ दोन्ही शाफ्टांत आणि त्यांच्या सांध्यांत साठतो. त्यात ग्रीसगन वर्षानुवर्षे भिंतीला टांगलेली. तेव्हा दोष कार्यशाळेचा नव्हता आणि कारखान्याचाही नव्हता. दोष मालकाच्या अज्ञानाचा होता. कार्यशाळेने मुकाट्याने नवा शाफ्ट बसवून दिला असता, तर तोही त्याच वाटेने गेला असता. पुतण्याने जुना शाफ्ट बाजूला ठेवला, मागच्या चाकांच्या जोरावर तीच गाडी चालवत जाऊन दुकानातून नवा आणला, कान जुळवून बसवला आणि ग्रीस भरले. ठोका थांबला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पांदण संपली की तरफ मागे घेण्याची सवय लागली.

कायद्याची बाजू

या छोट्या प्रसंगामागे एक मोठा प्रश्न उभा आहे. विकत घेतलेल्या वस्तूवर मालकाची सत्ता कोठवर? वस्तू उघडण्याचा, तिचे सुटे भाग बाजारात मिळविण्याचा, तिची माहिती मागण्याचा अधिकार त्याला आहे की नाही? आपल्या देशात या प्रश्नाची दखल घेतली गेली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने त्या स्वतंत्र कारागिरांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. बाहेर दुरुस्ती करवली एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करता येणार नाही, असेही आयोगाने बजावले. कंपन्या अपिलांत गेल्या. तरीही तत्त्व मांडले गेले ते गेलेच. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या कक्षेत शेतीची यंत्रे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे आली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ सालीच मतदारांनी मोटारींबाबत असा कायदा मतपेटीतून मंजूर केला होता. ज्या नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत ट्रॅक्टर तयार होतात आणि ज्या विदर्भातील शेतकरी ते चालवतो, त्या प्रदेशाला या हक्काचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. ऐन पेरणीत ट्रॅक्टर अडला तर शेतकरी दोन आठवडे थांबेल. मृग थांबत नाही.

परंतु कायद्याने हक्क मिळतो, सवय मिळत नाही. आणि आपल्या पांढरपेशा समाजाची खरी अडचण येथे आहे. आपल्याला दुरुस्तीचा हक्क नाकारला गेला हे अर्धे सत्य. आपल्याला दुरुस्तीची लाज वाटते, हे उरलेले अर्धे. पुतण्या अंगणात गाडीखाली निजलेला पाहून एका शेजाऱ्याने कळवळून विचारले, “अहो, एवढी का ओढाताण आहे?” हात काळे होतात ते केवळ गरजेपोटी, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे. डोक्याने काम करणारा वरचा आणि हातांनी करणारा खालचा, ही उतरंड जातिव्यवस्थेने शतकानुशतके घोटून घेतली. शाळा-महाविद्यालयांनी ती मोडण्याऐवजी तिच्यावर पदवीचा शिक्का मारला. आपल्या शेजारीच, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार तेथे देशापुढे आला. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडाही केला. आपण काय केले? ‘कार्यानुभव’ नावाचा एक तास वेळापत्रकात घातला आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताला दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, असे म्हटले आहे. त्या दहा दिवसांची गत कार्यानुभवाच्या तासासारखी होऊ द्यायची की नाही, हे मंत्रालयापेक्षा शिक्षकांच्या आणि पालकांच्या हाती आहे.

दोन आक्षेप

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, सगळेच घरी दुरुस्ती करू लागले तर मिस्त्रीने खायचे काय? वास्तविक अनुभव उलट आहे. एक शाफ्ट स्वतः उतरवून पाहणारा मनुष्य मिस्त्रीच्या मजुरीवर पुन्हा घासाघीस करीत नाही. आणि सुटे भाग व माहिती खुली झाली तर तिचा सर्वांत मोठा लाभ कोपऱ्यावरच्या स्वतंत्र कारागिरालाच होणार आहे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो गंभीर आहे. सगळे काही घरी करू नये. ब्रेक, सुकाणू किंवा हवेच्या उशा यांच्याशी अर्धवट ज्ञानाने खेळणे म्हणजे रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे होय. नव्या गाड्या तर संगणकाच्या तंत्राने चालतात. परंतु स्वतः न करणे वेगळे आणि समजूनच न घेणे वेगळे. आपण स्वतः शस्त्रक्रिया करीत नाही. तरी डॉक्टरांना ‘काय झाले आणि का झाले’ हे विचारतोच. तेवढाच प्रश्न मिस्त्रीला विचारण्याचा आणि त्याचे उत्तर मिळण्याचा अधिकार मालकाला हवा.

दुरुस्तीच्या हक्काला कायद्याचे भक्कम पाठबळ मिळावे, ही मागणी रास्तच आहे आणि तिचा पाठपुरावा झाला पाहिजे. पण तोवर शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी एक छोटा संकल्प करावयास हरकत नाही. येत्या खंडेनवमीला हार घालण्यापूर्वी आपल्या सायकलीची साखळी उतरवून धुवावी, शिवणयंत्राला तेल द्यावे, गाडी असल्यास तिच्याखाली एकदा डोकावून पाहावे. आणि घरातल्या मुलाला शेजारी बसवून घ्यावे. पुतण्याने तो झिजलेला जुना शाफ्ट भंगारात दिलेला नाही. बागेतल्या कोठारात तो भिंतीला टेकून उभा आहे. दसऱ्याला नव्याबरोबर त्यालाही एक फूल वाहण्याचा त्याचा विचार आहे. त्या फुलाला अर्थ आहे.