कार्यकर्त्याची फाईल कोण बघणार?

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या आरोग्य शिबिरात मी बसतो. गावाकडची माणसे चैत्यभूमीच्या रांगेतून दमून येतात. रक्तदाब मोजायचा, बोटातून रक्त घेऊन साखर बघायची आणि जास्त निघाली तर सांगायचे, ‘बाबा, घरी गेल्यावर उपाशीपोटी तपासणी करा, टाळू नका.’ ‘बघू नंतर’ म्हणायला मी कोणाला जागा ठेवत नाही. त्याच दिवसांत माझा स्वतःचा रिपोर्ट कपाटात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली चार महिने पडून होता. साखर वाढल्याचे मला ठाऊक होते.

नायगाव, परळ, लालबागला असा कार्यकर्ता चाळीचाळीत सापडेल. केईएमला केस पेपर कुठे काढायचा, कोणती ओपीडी कोणत्या वारी, टाटाला पेशंटबरोबर कोण जाणार, सगळे त्याला पाठ. त्याच्या छातीत दुखले की मात्र ती ‘ॲसिडिटी’.

आपण याला त्याग म्हणतो. मला ते पटत नाही. दुसऱ्याच्या दुखण्यात आपल्याला फक्त दुखणे दिसते. स्वतःच्या दुखण्यात भीती, खर्च, कामावरचे खाडे, घरच्यांचे चेहरे आधी दिसतात. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली हे प्रयोगातून दाखवले. जोडीदाराने फसवले अशी कल्पना लोकांना करायला सांगितली. फसवणूक मित्राची असेल तर लोक शहाणपणाने विचार करत, स्वतःची असेल तर कमी. पण स्वतःच्याच प्रश्नाकडे तिऱ्हाईतासारखे बघायला सांगितल्यावर हा फरक उरला नाही. विपश्यनेला बसणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. ‘मला दुखते’ऐवजी ‘वेदना आहे’ असे बघणे तिथे शिकवतातच.

पण नुसते बघून भागत नाही. राज्यघटनेच्या मसुद्याचे काम चालू असताना बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखत, झोप लागत नसे. कोट्यवधींच्या हक्कांचा विचार करणाऱ्या त्या माणसानेही आपल्या पथ्यपाण्याकडे लक्ष देणारे कोणी हवे, हे मान्य केले. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला, त्यामागे हेही एक कारण होते. माईसाहेबांविषयी पुढे बरेच वाद झाले, तो विषय इथला नाही. बाबासाहेबांनी आपले दुखणे दुसऱ्याच्या हाती सोपवले, एवढेच मला सांगायचे आहे.

म्हणून आमच्या विहारात वर्षावासात आम्ही कार्यकर्त्यांच्या जोड्या लावल्या आणि फायली बदलल्या. तुमचे रिपोर्ट माझ्याकडे, माझे तुमच्याकडे. तारीख दुसऱ्याने लक्षात ठेवायची. काहींना हे पोरखेळ वाटले. दोघांनी फाईल दिलीच नाही, आणि तेच शिबिरात सगळ्यात मोठ्या आवाजात सल्ले देतात.

माझी फाईल महिला मंडळाच्या एका ताईंकडे आहे. मागच्या तपासणीला मी फोनवर ‘बघू नंतर’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या दारात उभ्या. म्हणाल्या, ‘चहा घेतला नसेल तर तसेच चला.’